कोरियाचे शनिवार

अमळनेर सोडलं त्या सकाळी तुमचे आजोबा तिचा फोटो मांडीवर घेऊन गाडीत बसले होते. भांड्यांचं पोतं, शिलाईचं मशीन, गाद्यांच्या वळकट्या मी आणि हमालाने मिळून आत चढवल्या. फोटो जुन्या धोतरात गुंडाळलेला होता, आणि तो सामानात ठेवायची त्यांची तयारी नव्हती. माझा भाऊ फलाटावरून म्हणाला, "सुलोचना, पोचल्यावर पत्र टाक." गाडी हलली. नंदुरबार आलं तेव्हा मी म्हटलं, जरा माझ्याकडे द्या, हात अवघडले असतील. ते म्हणाले, "नको, काच आहे."

रेवा, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस की तुमच्या टोरांटोच्या घरात भिंतीवर जिचा फोटो आहे त्या आजीचं आणि माझं नाव एकच कसं. मी उत्तर देण्याआधी तुझे बाबा मागून म्हणाले, योगायोग. योगायोग नव्हता. तुझ्या बाबांना मी खोटं ठरवत नाही, माझं लग्न झालं तेव्हा ते चार वर्षांचे होते आणि त्यांना तसंच सांगितलं गेलं. पण तू आणि नील आता समजण्याच्या वयाचे आहात, आणि मला गोष्टी जागच्या जागी ठेवायची सवय आहे.

लग्नापर्यंत माझं नाव मंदाकिनी होतं. माझे वडील हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि त्यांनी मला हौसेने बी.ए. केलं. त्यात माझं लग्नाचं वय गेलं, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मग बिजवराचं स्थळ आलं. मिलमध्ये चांगली नोकरी, पदरी एक मुलगा, बायको दुसऱ्या बाळंतपणात गेलेली. आपल्याकडे लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. मैत्रिणींनी माझ्यासाठी बरीच नावं काढून ठेवली होती. तुमच्या आजोबांनी लिहिलं, सुलोचना.

ताटाभोवतीच्या बायकांनी वाकून ते पुन्हा वाचलं. मग सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता घरात कुणाची जीभ चुकायला नको." आई मला बाजूला घेऊन म्हणाली की नाव काही वाईट नाही, आणि पोराच्या कानावर आईचं नाव राहील, पुण्यच आहे. पहिलीचे ब्लाउज मला दंडात घट्ट होत होते, ते उसवून सैल केले. नावाला काही करावं लागलं नाही. ते सगळ्यांना आधीपासून पाठ होतं.

वीस-बावीस वर्षं मी त्या नावाला ओ दिली. विनूला, म्हणजे तुमच्या बाबांना, वाढवलं, इंजिनीअर केलं, परदेशी धाडलं. तो गेला त्याच सुमारास आमची मिल बंद पडली आणि तुमच्या आजोबांना सुरतेला पांडेसऱ्यात डाईंग मास्तरची नोकरी मिळाली. अमळनेरच्या घरात मला निदान माझं गाव होतं. सुरतेत तेही नव्हतं. घरामागच्या खाडीचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं वाहायचं. ज्या रंगाच्या साड्यांना मागणी, तो रंग. तुमचे आजोबा खिडकीतून नुसतं बघून सांगायचे की कोणत्या मिलने कोणता रंग सोडला आहे. घरात दोन माणसं आणि एक फोटो. मी भाजीवाल्याशी गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी आणि शेजारच्या इंदूबाईंशी निम्मी अहिराणी बोलायला शिकले. इंग्रजी वर्तमानपत्रापुरती राहिली.

त्या वर्तमानपत्रातच मी वाचलं की विद्यापीठात दर शनिवारी दुपारी कोरियाचा इतिहास आणि संस्कृती यांवर व्याख्यानं आहेत, सर्वांना मुक्त प्रवेश. कापडाचे कोरियन माग तेव्हा नुकते सुरतेत यायला लागले होते. पहिल्या शनिवारी हॉल सेठलोकांनी भरला. कोरियाहून आलेले प्राध्यापक इंग्रजीत तिकडच्या राजांबद्दल आणि निळसर हिरव्या मातीच्या भांड्यांबद्दल बोलत राहिले. शेवटी एका सेठने उभं राहून मागाचा भाव विचारला. प्राध्यापक म्हणाले, ते त्यांना ठाऊक नाही. दुसऱ्या शनिवारी सेठ आले नाहीत. हजेरीसाठी बसवलेले विद्यार्थी राहिले, काही निवृत्त माणसं राहिली आणि मी राहिले.

दाराशी टेबल टाकून बसलेल्या मुलीने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "बेन, तमारुं नाम?" मी म्हटलं, मंदाकिनी. आधी ठरवलेलं काही नव्हतं. त्या टेबलाशी मला ओळखणारं कुणी नव्हतं, एवढंच. तिने ते लिहून घेतलं आणि पुढच्याला विचारलं. इतकं सोपं होतं ते.

त्यानंतरच्या शनिवारी मला त्या नावाने हाक यायला लागली. मंदाकिनीबेन, आगळ बेसो, पुढे बसा. मंदाकिनीबेन, चहा घेतला का. प्राध्यापक साठीचे, शिडशिडीत, फार सभ्य गृहस्थ होते. माझं नाव ते एकेक अक्षर जपून उच्चारत, आणि अर्थ विचारून तो वहीत टिपून घेतला होता. बाकीचे सहा दिवस मी सुलोचना असायची. शनिवारी दोन रिक्षा बदलून मी माझ्याकडे जात असे, असं म्हटलं तरी चालेल. तुमच्या आजोबांना मी व्याख्यानाला जाते हे माहीत होतं. ते जेवून झोपायचे, त्यांची हरकत नव्हती.

एकदा इंदूबाई बरोबर आल्या. त्या नेरच्या, त्यांचे मालक लूमवर पाळी करायचे. हॉलात पंखे चांगले आहेत हे मी सांगितल्यावर त्या निघाल्या. त्या दिवशी प्राध्यापक म्हणाले की कोरियात लग्न झालेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात, अमक्या गावची, तमक्या गावची. सभेच्या अध्यक्षांनी गुजरातीत ते सांगितलं. इंदूबाई मोठ्याने म्हणाल्या, "मंग त्यामा नवाई काय शे? माले अख्खी गल्ली नेरवाली म्हनस. मन्हं नाव तं मन्हा मालकलेबी याद नही." मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं तेव्हा प्राध्यापक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. परत येताना इंदूबाईंनी विचारलं, तिथे सगळे हाक मारत होते त्या मंदाताई कोण? मी सांगितलं. त्या रिक्षात माझ्याकडे वळून बसल्या. मग म्हणाल्या, "मरेल बाईनं नाव? दुसरं भेटनं नही का त्यास्ले?"

पुढे एका शनिवारी प्राध्यापकांनी कागद न बघता व्याख्यान दिलं. जपानी राजवटीत कोरियन लोकांना आपली नावं टाकून जपानी नावं घ्यायला लावली होती. ते तेव्हा शाळेत होते. वर्गात नव्या नावाने हजेरी व्हायची आणि जुनं नाव तोंडातून गेलं तर छडी मिळायची. आई बाहेर त्यांना नव्या नावाने हाक मारी आणि घरात दार लावून, हळू आवाजात, जुन्या. राजवट संपल्यावर नाव परत मिळालं. पण आई इतकी घाबरलेली होती, की पुढे कितीतरी दिवस ती दार लावूनच हाक मारायची. विद्यार्थी जांभया देत होते. मी माझ्या हाताकडे बघत बसले होते.

शेवटच्या शनिवारी श्रोत्यांपैकी काहींनी दहा-दहा मिनिटं बोलायचं होतं. मी नाव दिलं. विषय लिहिला, नावं. मी काय बोलणार होते ते तुम्हांला सांगते, कारण ते कुणीच ऐकलेलं नाही. मी म्हणणार होते की आमच्याकडे यासाठी परक्या राजाची गरज पडत नाही, ताटभर तांदूळ पुरतात. आणि मग तांदळावर काय लिहिलं गेलं ते सांगणार होते. एकदाच, माझ्या नावाने, इंग्रजीत, अनोळखी लोकांसमोर. नवऱ्याची नालस्ती करायची नव्हती. एका हॉलभर माणसांना ते ठाऊक व्हावं आणि मी घरी येऊन स्वयंपाकाला लागावं, एवढंच मला हवं होतं.

त्याच आठवड्यात विद्यापीठाचा ड्रायव्हर आमंत्रणाचं पाकीट घेऊन घरी आला. मी कणीक मळत होते. दारात तुमचे आजोबा होते. ड्रायव्हरने विचारलं, मंदाकिनीबेन का घर यही है? ते म्हणाले, इथे त्या नावाचं कोणी राहत नाही. ड्रायव्हर वळला असता. पण बाहेर नळावर इंदूबाई होत्या, आणि त्यांनी भल्या मनाने सांगितलं, "आरे भाऊ, ह्याच ना त्या मंदाताई, कोरियावाल्या."

तुमच्या आजोबांनी पाकीट घेतलं आणि आत आणून माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं. मग खिडकीशी जाऊन खाडीचा रंग बघत बसले. शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः पांढरा शर्ट इस्त्री केला आणि म्हणाले, "मी पण येतो." रिक्षात त्यांनी विचारलं, कशावर बोलणार. मी सांगितलं. "छान," ते म्हणाले. मुलांनो, मला बरं वाटलं. वाटलं, ऐकायला येत आहेत. मी त्यांना हॉलची, चहाची, प्राध्यापकांची माहिती सांगत राहिले.

वयस्क पाहुणे म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. माझी पाळी आली. अध्यक्ष म्हणाले, मंदाकिनीबेन. मी उठून दोन पावलं गेले असेन. मागून त्यांचा आवाज आला, शांत, उत्तम इंग्रजीत. मी मराठीत लिहिते: "क्षमा करा, एक लहानशी दुरुस्ती. यांचं नाव सुलोचना आहे. त्या माझ्या पत्नी आहेत."

अध्यक्ष सॉरी सॉरी म्हणाले आणि समोरच्या कागदावर पेनाने खोडलं. हॉलमध्ये थोडं हसू झालं, वाईट नव्हे, एखाद्याचं आडनाव चुकल्यावर होतं तसं. मी प्राध्यापकांकडे पाहिलं. त्या माणसाला कळेल अशी माझी खात्री होती. ते खुर्चीतून उठले, दोन्ही हात बाजूला घेतले आणि कमरेतून वाकले. माझ्यासमोर नाही, तुमच्या आजोबांसमोर. म्हणाले, एवढे दिवस मी आपल्या पत्नीचं नाव चुकीचं घेत होतो. माझा परक्याचा कान, मला माफ करा. मग माझ्याकडे वळून, एकेक अक्षर जपून, म्हणाले, सुलोचनाजी, प्लीज.

मी माइकपाशी गेले आणि सर्व श्रोत्यांच्या वतीने पाहुण्यांचे आभार मानले. आतिथ्य, दोन प्राचीन देश, मैत्री. अशी वाक्यं बी.ए. झालेल्या बाईला झोपेतही येतात. मी बसले. पहिली टाळी तुमच्या आजोबांनी वाजवली.

परतताना ते म्हणाले, "इंग्रजी छान बोललीस." आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "विनूच्या कानावर गेलं असतं तर? एवढंच उरलंय गं तिचं." ते खरं होतं. त्यांनी ते माझ्यावर सूड म्हणून केलं नव्हतं. ते तिला जपत होते, आणि जपायला त्यांच्याकडे जागा माझीच होती. हे समजून मला काही हलकं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

शनिवार संपले. पुढे ते आजारी पडले, तुमच्या जन्मानंतरची गोष्ट. दवाखान्यात एका दुपारी ते हाका मारायला लागले, सुलोचना, सुलोचना. मी कॉटजवळ स्टुलावर बसले होते. नर्स म्हणाली, "बा, दादा तमने बोलावे छे." मी म्हटलं, "ती इथे नाही." नर्सला वाटलं, जागरणाने माझं डोकं फिरलं. पण त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अगं, पाणी." मी चमच्याने पाणी पाजलं. पुढचे जे थोडे दिवस मिळाले त्यांत त्यांनी नावाशिवाय जे जे मागितलं ते सगळं मी दिलं. त्या नावाने मारलेल्या हाकेला मी उठले नाही. अजून कधी तशी हाक आली तरी मी उठणार नाही.

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर तुमचे बाबा फोटो घेऊन गेले. मीच म्हटलं, ने. माझ्या भिंतीवर आता नुसता चौकोन आहे, भोवतालच्या रंगापेक्षा जरा उजळ. मी तो रंगवून घेतलेला नाही.

तुम्ही म्हणता, आजी, आपल्या घरी ये. अमळनेरला मी नंतर जाऊन आले. भावाच्या सुना मला सुलोचनाआत्या म्हणाल्या. मंदा म्हणणारी सगळी माणसं स्मशानात गेली आहेत, त्या गावात माझं घर नाही. सुरतेत मला माझं नाव मिळालं आणि सुरतेनेच ते सभ्यपणे काढून घेतलं. म्हणून मी इथे राहते असं नाही. दुसरीकडे जाऊनही ते मिळणार नाही, म्हणून राहते.

पण रविवारी फोन वाजतो आणि तुम्ही दोघं पलीकडून आजी म्हणता, तेवढा वेळ मी घरी असते. मी तिच्या संसारात गेले, तिचे ब्लाउज घातले, तिचं मूल वाढवलं, तिच्या नावाला म्हातारी होईपर्यंत ओ दिली. हा एकच शब्द मला उष्टा मिळालेला नाही. ती गेली तेव्हा पंचविशीचीही नव्हती. तिला कुणी कधी आजी म्हटलं नाही, आणि आता तुम्ही म्हणायला लागला आहात. तुम्ही तिच्या रक्ताचे आहात, माझ्या नाही, हे मला तुमच्याआधीपासून माहीत आहे. तरी सांगते.

भिंतीवरच्या त्या मुलीला आजी म्हणू नका. तिला सुलोचना म्हणा. ते तिचं नाव आहे.