ओट्यावरचं इंजिन

फोन यांच्याच मोबाइलवरून आला, म्हणून मी उचलल्या उचलल्या सुरुवात केली. "हं, आता कुठल्या रंगाचा डबा घेताय? घरात ठेवायला जागा नाही, आधीच सांगून ठेवते..." पलीकडून एक अनोळखी आवाज म्हणाला, "काकू, अण्णा आमच्या दुकानाच्या पायरीवर बसलेत... तुमी जरा नव्या पेठेत येता का?" मी रिक्षानं पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. यांच्या पिशवीत अर्ध्या इंचाचा ब्रश आणि चंदेरी रंगाचा छोटा डबा होता. त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलावं म्हणतात, पण मला ते जमायचं नाही. चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसानं माझा जीव नकोसा केला, त्याच्याबद्दल एकदम गोड लिहायला लागले तर ते दुसऱ्याच कुणाबद्दल होईल.

त्या दिवशी सकाळी चहाचा कप ठेवायलासुद्धा ओट्यावर जागा नव्हती. मी वैतागून म्हणाले, "हे इंजिन तुमच्या जन्मात चालू व्हायचं नाही." हे नुसते हसले. चपला पायात सरकवल्या, "बघू की," म्हणाले आणि गेले. माझं यांच्याशी शेवटचं बोलणं ते. आणि ते खरं झालं... तेव्हापासून मला नीट झोप नाही.

इंजिन मामंजींच्या मोटारसायकलचं. उजनीच्या काठावर आमच्या दिरांचं केळीचं रान आहे, तिथल्या शेडमध्ये ती गाडी वर्षानुवर्षं पडून होती. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालायच्या. हे सूतगिरणीच्या स्टोअरमधून निवृत्त झाले आणि आठच दिवसांत टेम्पोत घालून ती सोलापूरला घेऊन आले. मला म्हणाले, "वडलांची गाडी हाय. सहा महिन्यांत चालू करतो, पहिली चक्कर तुला." सांगाडा अंगणात राहिला आणि इंजिन माझ्या स्वयंपाकघरात आलं. का, तर रंगावर धूळ बसता कामा नये, आणि "अख्ख्या घरात धूळ नसलेली जागा एकच, तुझा ओटा." हे माझं कौतुक होतं की मला गुंडाळणं होतं, ते मला आजही कळलेलं नाही. अर्धा ओटा गेला तो गेलाच.

पुढची पाच वर्षं काय सांगू! इंजिनावर मासोळीच्या खवल्यांसारख्या एकावर एक पट्ट्या असतात, त्यांच्या फटींतला गंज हे दात घासायच्या ब्रशनं काढत बसायचे. तो ब्रश माझा निघाला. शेंगाचटणीच्या बरणीत नटबोल्ट गेले. केक करायला लेकीनं भट्टी घेऊन दिली होती, तीत यांनी रंगवलेला सिलिंडर भाजला, कारण तो रंग म्हणे तापल्याशिवाय धरत नाही. त्यानंतर नातीसाठी नानकटाई केली तर तिला रॉकेलचा वास. मी भट्टीला कुलूप घातलं, तर हे गच्चीवर गेले. "सोलापूरच्या उन्हाला कुठली भट्टी पुरी पडतीय?" असं म्हणत माझ्या कुरडयांच्या मधोमध सिलिंडर ठेवून आले. आणि रंग तरी एकदा द्यावा! आधी काळा दिला. मग आठवलं, वडलांचं खालचं अंग चंदेरी होतं, म्हणजे इंजिनाचं. खरवडून चंदेरी दिला. मग ते फार चकचकीत दिसतं म्हणून पुन्हा खरवडलं. स्टोअरमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांच्या मशिनींचे सुटे भाग मोजून दिलेला माणूस, एक मशीन स्वतःच्या हातानं उभं करायचं म्हणून असा हट्टाला पेटला होता. हे मला आत्ता, लिहिताना सुचतंय. तेव्हा मी फक्त भांडत होते.

माझाही एक स्वभाव आहे, तो इथं सांगायला हवा. मला उघडं भोक बघवत नाही. माझ्या माहेरी जुन्या घरात विंचू निघायचे, म्हणून दिवेलागणीला आई मोरीपासून सगळ्या भोकांना चिंधीचे बोळे घालायची. चिंधी घट्ट गुंडाळायची, वरून दोऱ्याचे तीन वेढे द्यायचे, तेव्हाच तो बोळा. मीही तेच करते. पक्क्या घरात राहायला आले तरी करते. हे चेष्टा करायचे, "तुला भेटायला येणाऱ्या विंचवानं आधी पत्र टाकावं."

दस्तगीर मिस्त्री यांचे जुने स्नेही, जुन्या गाड्यांचे जाणकार. अधूनमधून यायचे, चहा प्यायचे, "साब, अब रंग बस," असं सांगून जायचे. हे गेल्यावर मोठा मुलगा बसू पुण्याहून आला होता, तो म्हणाला, "आई, ते भंगारात देऊन टाकू. बघून बघून तुलाच त्रास होतोय." मी हो म्हणाले. मला खरंच ते डोळ्यांपुढं नको होतं. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी इंजिन उचलायच्या आधी यांची पान्यांची पिशवी ओट्यावर उलटी केली, तर पान्यांबरोबर एक कापड पडलं. धुऊन, घडी घालून ठेवलेलं. पोपटी रंगाचं, माझ्या जुन्या इरकल साडीच्या पदराचं. कडेला दोऱ्याचे तीन वेढे काचल्याची खूण अजून होती.

मला एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्या भट्टीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्या रागात मी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाले, आणि निघता निघता ओट्यावरच्या इंजिनाला एक उघडं भोक दिसलं. हात थांबला नाही. पाल जाईल, झुरळ जाईल म्हणून बोळा घातला. बोलणंच बंद होतं, तर सांगायचं कुणाला? तीन महिन्यांनी परत आले तेव्हा इंजिन सगळं जोडून अंगणातल्या सांगाड्यात बसवून झालं होतं आणि हे किका मारत होते. रोज, घामाघूम होईपर्यंत. चालू होत नव्हतं. शेवटी ते उतरवून पुन्हा माझ्या ओट्यावर आलं. मीही बोळा विसरून गेले होते... डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून बजावलं होतं, आणि हे माझ्या चिंधीपायी किका मारत होते.

मी ती चिंधी मिस्त्रींपुढं धरली. मिस्त्री घाबरले. म्हणाले, "भाभी, ये तो गये साल दिवाली के आगेच निकला. कार्बोरेटर खोला तो पीछे पेट्रोल की वाट पे येच बैठा था. साब लई हसे. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसे. बोले, ये हमारे घर का काम है, दोरा देखो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"नक्को बोले. उनको बुरा लगेगा बोले."

"मग चालू का नाही झालं? बोळा निघाला होता ना?"

"मॅग्नेटो बी कमजोर था, भाभी, ठिणगीच नहीं पडती थी. बोळा नहीं रहता तो बी चालू नहीं होता. मैं बोला, बना के देतूं. तो साब बोले, पहले रंग..."

वरणात मीठ कमी पडलं तरी पाहुण्यांसमोर सांगणारा हा माणूस! माझ्या हातून कधी नव्हे ती एवढी मोठी चूक घडली, यांच्या हातात पुराव्यासकट सापडली, आणि वर्षभर चकार शब्द काढला नाही. चिंधी धुतली, वाळवली, घडी घातली आणि पान्यांत ठेवून दिली. त्या सकाळी मी ते वाक्य बोलले तेव्हा त्यांना हे सगळं ठाऊक होतं. एका शब्दात माझं तोंड बंद करता आलं असतं. हे हसले आणि चपला घालून गेले. याचा राग कुणावर काढायचा? निदान एकदा बोलायचं होतं, मी रडले असते, भांडले असते, मग दोघं हसलो असतो. ते हसणं माझ्या वाट्याचं होतं, ते यांनी एकट्यानं हसून घेतलं.

भंगाराचं मी रद्द केलं. मिस्त्री कार्बोरेटर आणि मॅग्नेटो काढून दुरुस्तीला घेऊन गेलेत, पंधरा दिवस लागतील म्हणाले. शेवटचा रंग अर्धवट आहे, डावी बाजू चंदेरी आणि उजवी करडी. ते तसंच राहू द्या, असं त्यांना बजावलंय. पिशवीतला ब्रश मात्र मी अजून कागदातून काढलेला नाही.

कार्बोरेटर काढल्यावर ते भोक पुन्हा उघडं पडलंय, अगदी माझ्या पोळपाटासमोर. काल दिवेलागणीला मी ती पोपटी चिंधी घेतली, घट्ट गुंडाळली, दोऱ्याचे तीन वेढे दिले आणि आत घातली. मिस्त्रींना फोन करून सांगितलं. पंचांगाच्या पानावर लिहून ठेवलं. मग यांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले, "अहो, बोळा घातलाय. सांगितलं नाही म्हणू नका."