आधी शांतता ऐकायची

गाण्यांचे किस्से फार साठत नाहीत. गाणं ऐकलं, बरं वाटलं, विषय संपला. पण स्पीकर घुमायला लागला की किस्सा झालाच!

मी, नाईक आणि विल्फ्रेड दर रविवारी आळीपाळीने एकमेकांकडे रेकॉर्डी ऐकायला जमतो. आमच्यात एक पद्धत आहे. आधी काहीच न लावता व्हॉल्यूम अर्ध्यावर न्यायचा आणि प्रत्येकाने स्पीकरला कान लावायचा. खोताच्या वाडीतल्या विल्फ्रेडच्या स्पीकरमधून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. माझ्याकडे मात्र घूंऽऽ. पंधरा वर्षांची दोस्ती आहे, तरी सरळ सांगतो, मी त्या माणसावर जळतो.

* * *

नाईक अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो. त्याच्या स्पीकरमध्ये सारखी भुणभुण असायची. आम्ही वायरी बदलल्या, प्लग उलटे लावून पाहिले. शेवटी विल्फ्रेडला उकडलं म्हणून त्याने पंख्याचा रेग्युलेटर फिरवला, तर भुणभुणही बदलली. पंखा बंद केला, ती थांबली.

तेव्हापासून नाईककडे मे महिन्यातही पंखा बंद. मी एकदा कुरकुरलो तर म्हणाला, "गाणं ऐकायला आलायस की हवा खायला?"

मला उकाड्याचं काही नव्हतं. शोध विल्फ्रेडला लागला, हे मला सहन होत नव्हतं.

* * *

माझी खोली गिरगावातल्या जुन्या चाळीत. वायरिंगही चाळीइतकंच जुनं, त्यामुळे अर्थिंगच्या नावाने बोंब. फ्रिज बंद केला, ट्यूब बंद केली, देवापुढचा दिवाही काढला, घूं तसाच. मग एकदा सहज अ‍ॅम्प्लिफायरवर, म्हणजे आमच्या भाषेत अ‍ॅम्पवर, हात ठेवला आणि घूं गेला! हात काढला की परत हजर.

पुढच्या रविवारी मी अख्खी रेकॉर्ड हात ठेवूनच बसलो. बायको आतून आली, बघत राहिली आणि म्हणाली, "उतरला का त्याचा ताप?"

विल्फ्रेड हसला नाही. त्याने मला हात काढायला सांगितला, स्पीकरला कान लावला आणि म्हणाला, "थोडासाच आहे रे."

थोडासाच! हसला असता तर परवडलं असतं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

* * *

मग टॅक्सीत घालून अ‍ॅम्प चिंचपोकळीच्या मेकॅनिककडे नेला. त्याच्या दुकानात तो मुळीच घुमेना. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो की घरी आवाज येतो. तो झाकण लावत शांतपणे म्हणाला, "साहेब, माझ्याकडे लोक आवाज येत नाही म्हणून येतात."

* * *

गेल्या महिन्यात विल्फ्रेडची पाळी होती. त्याची सिस्टीम ऐकायला नाईकच्या ऑफिसातले दोघे मुद्दाम आले होते. माझ्याकडे असं कोणी कधी आलं नाही. विल्फ्रेड त्यांना बाहेर वाडी दाखवत होता, नाईक त्यांच्यासोबत, विल्फ्रेडची बायको सिल्व्हिया स्वयंपाकघरात. खोलीत मी एकटाच.

रेकॉर्ड प्लेयरच्या मागून अर्थिंगची एक बारीक तार निघते, ती अ‍ॅम्पच्या स्क्रूखाली बसवतात. मी तो स्क्रू सैल केला आणि तार बाहेर ओढली.

मंडळी आली. व्हॉल्यूम अर्ध्यावर गेला आणि खोलीभर घूंऽऽ! इतका गोड घूं मी जन्मात ऐकला नव्हता. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. विल्फ्रेडचा चेहरा पडला. दोन-तीन बटणं दाबून पाहिली, मग माझ्याकडे वळला.

"सुधीर, तू बघ रे. घूं तुझ्याइतका कोणाला कळतो?"

आता लगेच कसा सापडणार? वीस मिनिटं मी प्लग काढले, घातले, नाईकला पंखा बंद करायला लावला, घाम गाळला. मग हळूच तार बसवून स्क्रू पिळला. शांत! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. विल्फ्रेडने मला मिठी मारली, त्यांना म्हणाला, "हा नसता तर आज माझी इज्जत गेली असती."

सिल्व्हिया ट्रे घेऊन आली. माझ्या हातात कप देताना खाली वाकली आणि मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "पुढच्या वेळी तार सोडलीस तर जरा लवकर लाव. चहा थंड होतो."