शेवटचा मॉनिटर

"वहिनी, त्या दिवशी तुम्हाला कळल्तं ना?" माझ्या धाकट्या नणंदेनं, शालूनं, मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. ती अंथरुणाला खिळलेली, मी चमच्यानं पेज भरवत होते. "काय कळल्तं? गप पेज पी," मी म्हणाले. ती नुसती हसली... आणि त्याच आठवड्यात ती गेल्याचा फोन आला.

कळलं होतं. बिलकुल कळलं होतं.

शालूनं जाफराबादेत कंप्युटरचा क्लास काढला तेव्हा तिच्याकडं कंप्युटर एकच होता, मॉनिटर मात्र चार. मधे एक काळी डबी. एकाचं चित्र ती चौघांना वाटायची. "वायर लांब झाली की चित्राला धाप लागते वहिनी, ही डबी त्याला दम देते," शालू सांगायची. प्रत्येक मॉनिटरपुढं एक जुना कीबोर्ड, कशालाच न जोडलेला, नुसती बोटं बसावीत म्हणून. शालू पुढं बसून टाइप करायची, पोरी पडद्याकडं बघत तसंच बडवायच्या. हे तिनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. पण मी पहिल्या दिवशी मुद्दाम गेले नव्हते. नणंदेनं बोलावलं की लगेच पळायचं, मंग थोरल्या वहिनीचा मान काय राह्यला? दुसऱ्या दिवशी तो मान घेऊन मी शेवटच्या मॉनिटरपुढं बसले. बोट ठेवलं की अक्षर हजर! शालूपेक्षा माझाच हात जल्दी चालतो, असं गल्लीभर सांगत सुटले. काय ते ध्यान!

सासूबाईंना हे खूळ पसंत नव्हतं. एक दिवस त्या थेट माझ्या पाठीशी येऊन उभ्या. "माझं नाव काढ बघू. न्हाई आलं तर उद्यापासून क्लास बंद." मी ऐटीत बडवायला लागले. 'रखमा' उमटलं. तेवढ्यात पदर घसरला, तो सावरायला मी दोन्ही हात उचलले... आणि पडद्यावर 'बाई' आपोआप उमटलं.

पोरींनी ओठ चावले. शालू मागं न वळताच म्हणाली, "बराबर, वहिनी. आता खाली गाव लिहा." मी लिहिलं. म्हणजे तिनंच लिहिलं. "जात जा रोज," म्हणून सासूबाई खूश होऊन गेल्या.

पुढं मी खरंच शिकले, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली. निरोपाच्या दिवशी भाषणात छाती फुगवून म्हणाले, "मी माझी मीच शिकले." समोर बसलेली शालू सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्या आठवल्या की आजही मान वर होत नाही.

परवा तिच्या क्लासची खोली आवरायला गेले. बटण दाबलं. डबीवरचा लाल दिवा लागला, चारही पडदे उजळले. मी शेवटच्या मॉनिटरपुढं बसले, पदर खोचला आणि त्या मुक्या कीबोर्डवर टाइप केलं, 'हो'.

पडदा कोराच. मी पुढच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं... आणि अजून एकदा टाइप केलं, जरा जोरात.