राणी हाती लागेना

आज सकाळी शिरगावच्या फ्लॅटमध्ये भिजवलेल्या हरभऱ्यांवरचं झाकण काढलं आणि त्या वासासरशी आमची राणी आठवली. बाबा बदलापूर स्टेशनवर टांगा चालवायचे, राणी त्यांची घोडी. रिक्षा वाढल्या, टांग्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्यांनी तिला विकायचं ठरवलं.

तिला न्यायला माणूस आला, त्या दुपारी ती भात कापलेल्या शेतात चरत होती. बाबा दावं घेऊन जवळ गेले की ती चार पावलं लांब जायची आणि वळून बघायची. तासभर हेच चाललं. बांधावर उभी राहून मी वैतागले होते.

"बाबा, हरभऱ्याची पाटी दाखवा ना, लगेच येईल."

"फसवून नाही न्यायचं तिला," म्हणत ते दमून ढेकळांतच बसले.

तशी राणी आपणहून आली आणि त्यांच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहिली. दावं बाबांच्या मांडीवरच होतं. त्यांनी ते उचललं नाही.

"उद्या या," ते त्या माणसाला म्हणाले.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, ती दुपार अजून लांबायला हवी होती. दुसऱ्या दिवशी राणी पहिल्याच हाकेला आली.