वजनमाप निरीक्षकाचा राग

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते आधी सांगून टाकतो. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत ज्या नकलेला अख्खा हॉल पोट धरून हसला, ती नक्कल मी लिहिली होती. कागदावर माझं नाव नव्हतं. मीच घालू दिलं नव्हतं. आणि ज्यांची ती नक्कल होती, ते माझे बंगळूरचे घरमालक अण्णा म्हणजे मला भेटलेला असा एकच माणूस, की ज्याला रागावायचा हक्क होता. बाकी आपण सगळे नुसते चिडतो. बस चुकली, साहेब ओरडला, भाजी खारट झाली, की चिडतो. अण्णा स्वतःसाठी रागावलेले मी कधी पाहिले नाहीत. जगात कुठेही खोटं माप चाललेलं दिसलं की ते रागावायचे. आणि ते रोज दिसायचं.

नव्वदच्या दशकात बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून तिकडे गेलो आणि अण्णांच्या माडीवर भाड्याने राहिलो. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं. घरात मराठी, शाळेत कन्नड. त्यामुळे मराठी खणखणीत बोलायचे, पण देवनागरी म्हटलं की हात टेकायचे. लिहायची वेळ आली की मराठीच कन्नड अक्षरांत लिहायचे. वजनमापे खात्यात त्यांनी तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती. पितळी वजनांची पेटी घेऊन ते यशवंतपूरच्या बाजारात शिरले की व्यापारी म्हणे तूरडाळीच्या पोत्यांआड लपत. तराजू बरोबर निघाला तर अण्णा एकच कन्नड शब्द बोलायचे, "सरी", म्हणजे बरोबर, आणि शिक्का मारायचे. नाही निघाला तर मात्र पुष्कळ शब्द बोलायचे. निवृत्त झाल्यावर पेटी सरकारने परत घेतली, नजर तेवढी त्यांच्याकडे राहिली. त्या नजरेला तपासायला काही उरलं नव्हतं, अशा वेळी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, घरात केबल घेतली.

झालं! रोज संध्याकाळी जिन्याखालून हाक यायची, "ओ पुणेकर! स्वल्प खाली या. बघा काय दाखवायलेत!" मी जाऊन बसायचो. अण्णा वेताच्या खुर्चीत ताठ, मांडीवर दोनशे पानी वही, कानावर पेन्सिल. टीव्हीवर जे जे खोटं दिसेल त्याची क्रमांक घालून नोंद व्हायची, खाली सही. दंतमंजनाच्या जाहिरातीत पांढरा कोट घातलेला माणूस आला की अण्णा उसळायचे. "हा कोण? नाव नाही, गाव नाही, छातीवर बिल्ला नाही. आमच्यात बिल्ल्याशिवाय माणूस तराजूला हात लावू शकत नव्हता, आणि हा अख्ख्या देशाचे दात तपासतो!" साबणाच्या वडीने कपडे 'पहिल्यापेक्षा शुभ्र' झाले की म्हणायचे, "पहिलं कुठाय? ते आणून ठेवा आधी शेजारी." सिनेमात नायक वीस वर्षांनी सूड घ्यायला यायचा आणि खलनायक त्याच खुर्चीत, त्याच काळ्या चष्म्यात बसलेला असायचा. "वीस वर्षांत ह्याची एकदासुद्धा बदली नाही? माझ्या अकरा झाल्या! वशिला केवढा असेल बघा ह्याचा."

पण त्यांचा खरा दुष्मन म्हणजे दुपारच्या पाककृतींच्या कार्यक्रमातली बाई. ती सगळं वाटीने, चमच्याने मोजून सांगायची आणि शेवटी गोड हसून म्हणायची, चवीपुरतं मीठ. "कुणाच्या चवीपुरतं?" अण्णा ओरडायचे. "कायद्यात असलं माप नाही! जिथे माणूस हमखास चुकणार तिथंच ही पळून जाते, अन् पगार घेते!" आतून अक्का म्हणायच्या, "चाळीस वर्षं चवीपुरतंच घातलंय की मी. एक दिवस तरी पान टाकून उठलात काय?" यावर अण्णा वहीत पुढची नोंद घ्यायला लागायचे. मालिकांवर तर त्यांचा वेगळाच दात होता. "पुणेकर, तुम्ही लक्षात ठेवा. मालिकेत कुणी एकदा खोकला, की चौथ्या भागात त्याच्या तसबिरीला हार. साधा खोकला म्हणून नाहीच! मी अकरा वर्षं खोकतोय, मला काय झालं?" असं म्हणून ते खरोखरच खोकायचे, पुराव्यादाखल.

ही वही ऐकणारी आम्ही दोनच माणसं. एक मी, दुसरे तम्मा. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. अक्कांचा तो धाकटा भाऊ, म्हणून सगळेच त्यांना तम्मा म्हणत. यशवंतपूरला त्यांचं किराणा दुकान होतं. एके काळी अण्णांनी त्या दुकानाचा तराजू खोटा ठरवून जप्त केला होता. ही गोष्ट तम्मा स्वतःच रंगवून सांगायचे. "सकाळी भावजींनी तराजू उचलला, दुपारी आमच्याच घरी जेवायला बसले, आणि आमटी छान झालीय म्हणाले! मी म्हटलं, भावजी, आमटीचं वजन करू काय?" दर रविवारी ते येलक्की नावाच्या तिकडच्या छोट्या केळ्यांची फणी घेऊन यायचे आणि अण्णांच्या रागात तेल ओतायचे. "भावजी, त्या डब्यावर 'नवीन' लिहिलंय, ते राहिलं बघा." "राहिलं नाही. नोंद चौऱ्याऐंशी." "मग आता जुना झाला असेल की तो. परत लिवा." असे दोघं तासतासभर. तम्मांइतक्या प्रेमाने अण्णांना कुणी चिडवलं नसेल, आणि अण्णांनीही दुसऱ्या कुणाकडून एवढं चिडवून घेतलं नसेल.

तिथल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनी गणपतीसाठी माझ्याकडे विनोदी प्रवेश मागितला तेव्हा मी सरळ नाही म्हणू शकलो असतो. पण मी गावात नवा होतो. मंडळात पुण्यामुंबईहून आलेल्या इंजिनिअरांचा घोळका असायचा, त्यांच्यात मला वजन हवं होतं. एका बैठकीत लिहून दिला. लिहिला कसला, उतरवला. कोट, बिल्ला, मीठ, बदली, सगळं अण्णांचं. माझं एवढंच, की त्यांच्या रागातला मुद्दा काढून टाकला आणि नुसता आवाज ठेवला. जगात माणसाला वेडा ठरवायची याहून स्वस्त रीत नाही. आणि वर मीच आग्रहाने अण्णा, अक्का आणि तम्मांना कार्यक्रमाला घेऊन गेलो. का नेलं? माझ्या वाक्यांना लोक हसताना कुणीतरी घरचं बघायला हवं होतं म्हणून. हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पडदा वर गेला. कानावर पेन्सिल लावलेला एक मुंबईचा पोरगेला इंजिनिअर खुर्चीत बसला होता. त्याने दंतमंजनवाल्याला बिल्ला विचारला. तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसलेले अण्णा एकदम पुढे सरकले आणि माझा हात दाबून म्हणाले, "पुणेकर, हा माणूस बरोबर बोलायलाय!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या बाजूने उभं राहिलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. मग हॉल हसला. अण्णांनी मागे वळून पाहिलं, हसण्यासारखं काय झालं ते त्यांना कळेना. चवीपुरत्या मिठावर हॉल पुन्हा हसला आणि अण्णांच्या हाताची पकड हळूहळू सुटली. शेवटी तो नट खोकला. तो थांबतो न थांबतो तोच तिसऱ्या रांगेतून खरा खोकला आला. अण्णांना आवरला नाही. त्यावर जो हशा उसळला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. त्या हॉलचा मला आजही राग आहे. पण त्या हशातला पहिला आवाज माझा होता. त्या क्षणी, सवयीने, मी हसलो होतो.

पुढच्या रविवारी तम्मा केळी घेऊन आले. मी खाली चहा पीत बसलो होतो. अण्णा खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "घेतलास सूड? तराजूचा?"

"भावजी, देवाशपथ..."

"देवाला मध्ये आणू नको. वही ऐकणारी माणसं दोन."

अक्का दारात आल्या. "अहो, मग पुणेकरांनाही विचारा की."

"छे!" अण्णा कडाडले. "ते घरचे आहेत. पुणेकर तसलं करणार नाहीत."

तम्मांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी चहाकडे पाहिलं. कपात चहा उरला नव्हता, तरी मी तो प्यायलो. तम्मांनी केळी उंबऱ्यावर ठेवली, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर रविवारी कुणी आलं नाही.

आणि अण्णांचा राग गेला. लोकांना वाटलं, बरं झालं, म्हातारा शांत झाला. मी माडीवर बसून जिन्याखालची हाक यायची वाट बघायचो. ती आली नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारी भाडं द्यायला खाली गेलो. टीव्हीवर ती बाई हसून म्हणाली, चवीपुरतं मीठ. मी अण्णांकडे पाहिलं, मनात म्हटलं, ओरडा, अण्णा, एकदा ओरडा. अण्णा मान हलवून म्हणाले, "सरी." मग त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि ते तोंडावर पंचा धरून मागच्या अंगणात गेले. माझ्यासमोर ते पुन्हा कधी खोकले नाहीत.

दोन वर्षांनी मी पुण्याला परतलो. अण्णा गेल्याचं अक्कांनी फोनवर कळवलं. तम्मा आले होते म्हणाल्या, पण फाटकापाशीच उभे राहिले, आत आले नाहीत. 'का आले नाहीत' असं मी विचारलं. माझी हिंमत बघा.

आता घरात टीव्ही लागला की मी एकटाच चिडतो. कशापेक्षा शुभ्र? कुणाच्या चवीपुरतं? पण मला ते जमत नाही. माझं स्वतःचंच माप खोटं, मी कुणाचं तपासू? हे सगळं लिहून मन हलकं होईल असं वाटलं होतं. तसं ते थोडं झालंही, पण तेवढ्याने भागत नाही. तम्मा यशवंतपूरला आहेत, आता खूप थकलेत असं ऐकतो. अण्णांसारखंच त्यांनाही देवनागरी वाचता येत नाही. हा लेख छापून आला तरी त्यांच्यासाठी तो कोराच. त्यांच्या दुकानात जाऊन, त्यांच्या तोंडावर, 'तम्मा, ती नक्कल मी लिहिली होती' हे एक वाक्य बोलण्याचं मी अजून देणं लागतो.