तापल्यावर जाणारी ठिणगी

निवृत्तीनंतर माझं पोस्टिंग कोपरखैरणे, तळमजला, वन रूम किचन. हुद्दा, सोसायटीचा फुकट मेकॅनिक. फौजेच्या वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं काढलेला हवालदार दिसला की लोकांना आपापले बिघडलेले मिक्सर आठवतात. मी कुरकुरतो आणि करून देतो. नावड्याहून गमरे वहिनींचा फोन आला की मात्र कुरकुरत नाही.

त्यांचे यजमान, नायक दीपक गमरे, माझ्याबरोबर वर बर्फातल्या एका पोस्टवर होते. ते तिथून परत आले नाहीत. त्याला नऊ वर्षं झाली. त्यांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर वहिनी अजून चालवतात, तळोज्याच्या कंपनीत जायला.

फोन रविवारी ०८१० ला आला.

"भाऊजी, गाडी बंद पडायला लागलीय. तीन मेकॅनिक झाले. सगळे म्हणतात काय प्रॉब्लेम नाय."

"किती वेळानं बंद पडते?"

"पंधरा-वीस मिनिटं. मग ढकलत गॅरेजला न्यायची, आणि तिथं एका किकमधी चालू. मीच खोटी पडते."

१०३० ला मी नावड्यात पोहोचलो. प्लग काढला, कॅपमध्ये बसवून इंजिनाला टेकवला आणि वहिनींना किक मारायला सांगितली. ठिणगी निळी, जाड, टच्च आवाज करणारी. पॉइंट साफ, गॅप बरोबर, पेट्रोल येतंय. कुठलाही मेकॅनिक इथे हात पुसतो. मी प्लग परत बसवला, गाडी स्टँडवर चालू करून ठेवली, घड्याळ पाहिलं आणि पायरीवर बसलो.

रविवार असून आवारात चिटपाखरू नव्हतं. तळोज्याकडून तो केमिकलचा वास येत होता. इंजिन एका सुरात चालू होतं. वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"एक सांगू? हसू नका. बंद पडल्यावर पण मला ती चालूच ऐकू येते. थोडा वेळ. हात लावून बघावं लागतं, खरंच बंद आहे का."

मी घड्याळाकडे बघत राहिलो.

सतराव्या मिनिटाला इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. प्लग पुन्हा काढून पाहिला. ठिणगी नाही.

"फ्रीजमधला बर्फ द्या, वहिनी. प्लॅस्टिकच्या पिशवीत."

पिशवी मी एचटी कॉइलवर धरली. प्लगला ठिणगी पुरवणारी तारेची गुंडाळी ती हीच. जुनी झाली की तापल्यावर आतून सुटते आणि गार झाल्यावर परत जुळते. गॅरेजपर्यंत ढकलत नेईतो ती गार होते, म्हणून मेकॅनिकसमोर एकदम साळसूद. चार मिनिटांनी किक मारली. पहिल्या किकला गाडी चालू.

वहिनी त्या बर्फाच्या पिशवीकडे बघत होत्या.

"हे कुठं शिकलात?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मी नऊ वर्षं याच प्रश्नाला भीत आलो होतो. वर त्या दिवशी काय झालं, हे त्यांना पूर्ण कुणीच सांगितलं नव्हतं. मी गाडी बंद केली आणि सांगितलं.

पोस्टवर आम्ही बारा जण. रेडिओच्या बॅटऱ्या चार्ज करायला एक छोटा टू-स्ट्रोक जनरेटर, माझ्या चार्जमध्ये. आदल्या दिवशी तो वीस मिनिटांनी बंद पडला. मी प्लग बदलला, तो चालू झाला. दुसऱ्या दिवशी ०६०० ला थंड इंजिनावर ठिणगी पाहिली. निळी होती. लॉगबुकात लिहिलं, 'स्पार्क ओके'. पेट्रोल जपून वापरायचं म्हणून तापवून पाहिला नाही.

०८०० ला चौघांची पेट्रोलिंग पार्टी निघाली. गमरे सगळ्यात पुढे. १३२० ला, ते परतीच्या वाटेवर असताना, व्हाइटआउट झाला. त्यात आभाळ आणि बर्फ एक होतं. भर दुपारी स्वतःचे बूट दिसत नाहीत.

सुभेदार साहेब म्हणाले, "जनरेटर लाव. आवाजावर येतील. बंद पडू द्यायचा नाही."

१३४० ला रेडिओवर गमरे आले. "आवाज मिळतोय. दोनशे मीटर. येतोय. ओव्हर." त्यानंतर त्यांचा सेट गेला.

१३४७ ला जनरेटर बंद पडला.

मी दोरी ओढत राहिलो. नवा प्लग लावला. पुन्हा ओढली. बाकीचे शिट्ट्या मारत होते, पण वाऱ्यात त्या दहा पावलं जात नव्हत्या. शेवटी हातमोजा काढून कॉइलला हात लावला. भलतीच तापली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिशवीत बर्फ भरून वर दाबला. १३५८ ला जनरेटर चालू झाला. मधे अकरा मिनिटं गेली.

१४१५ ला तिघे आले. त्यांच्यातल्या लान्स नायकाने मला मिठी मारली.

"उस्ताद, मशीन झकास ठेवलंत. एक मिनिट बंद पडलं नाही."

मला वाटलं, चेष्टा करतोय. बाकीच्या दोघांनीही तेच सांगितलं. आवाज सलग होता. फक्त मधेच तो डावीकडून यायला लागला. हे तिघे थबकले, कारण पोस्ट समोर असायला हवी होती. गमरे डावीकडे वळले. यांनी ओरडून थांबायला सांगितलं.

"अरे, इथंच तर आहे," असं ते म्हणाले. त्यानंतर उत्तर आलं नाही. डावीकडे दरी होती.

हवामान उघडल्यावर सुभेदार साहेब आणि मी तिकडे गेलो. खडकाच्या आडोशाला ठसे शाबूत होते. सगळे एकसारख्या अंतरावर, कुठे घाई नाही, चाचपडणं नाही. शेवटचा ठसा अगदी कड्यावर होता, टाचेसकट पूर्ण उमटलेला. इतक्या वर्षांत मी खूप काही पाहिलं, पण त्या ठशाइतकी भीती मला कशाची वाटली नाही.

चौकशीत मी अकरा मिनिटं सांगितली. तिघांनी शपथेवर सांगितलं की आवाज थांबलाच नाही. कागदावर 'खराब हवामान' आलं. मी पुढे काही बोललो नाही.

वहिनींनी स्कूटरच्या सीटवर हात ठेवला.

"नऊ वर्षं माज्याकडं येऊन चहा पिताय तुमी."

"हो."

"आणि आज बोलताय."

"लाज वाटत होती, वहिनी. हिंमत झाली नाही."

त्या आत गेल्या. मी कॉइलचे स्क्रू सोडले. फोनवरच संशय आल्यामुळे नवी कॉइल बॅगेत आणलेली होती. ती बसवताना स्क्रू दोनदा खाली पडला.

काही वेळाने त्या दारात आल्या. चौकट धरून उभ्या राहिल्या.

"पावलं एकसारखी होती म्हणालात."

"हो."

"चाचपडत नव्हते?"

"नाही."

"मग घाबरले नव्हते. पोचलो असंच वाटलं असेल त्यांना." डोळे पुसून त्या म्हणाल्या, "गाडी झाली की जा तुमी, भाऊजी. आज चहा नाय करत."

मी स्कूटर चाळीस मिनिटं चालू ठेवली. पूर्ण तापली तरी बंद पडली नाही. किल्ली पायरीवर ठेवून निघालो.

नायक दीपक गमरे, वय तेहतीस, मूळ गाव खेडजवळ, कर्तव्यावर असताना गेले. कारणाच्या रकान्यात 'खराब हवामान' एवढंच आहे. त्याखालची ओळ मी आज लिहितो. १३४७ ते १३५८ जनरेटर बंद होता. सकाळी थंड इंजिनावर 'ओके' लिहिणारा हवालदार मी.