सोळा किलोबिटातले आतोबा

आमचे आतोबा गेल्या वर्षी वारले. वर्षश्राद्धाला मी त्यांना पुन्हा एकदा नाहीसं केलं.

आतोबा कोल्हारच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे. गायचे मात्र नाहीत (मंडळानेच तशी विनंती केली होती). त्यांच्या टाळाची एकुलती एक कॅसेट आत्याकडे होती. टेप कधीच भंगारात गेलेला. वर्षश्राद्धाला मालकांचा टाळ ऐकायचा, एवढीच तिची इच्छा. मी नगरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणजे काम माझ्याकडेच येणार!

मी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली, तीही सर्वोत्तम दर्जात, कणही न गाळता. पुढच्या पिढ्यांसाठी ठेवा म्हणून! फाइल एवढी अवाढव्य झाली की पिढ्यांचं सोडा, नातेवाइकांच्या मोबाइलात शिरेना. शुभ सकाळचे फोटो पुसून जागा करा म्हटलं, तर घराण्यात कुणी तयार होईना.

मग मी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचा किती तपशील साठवायचा ते माप, कमी केला. तरी मोठी. आणखी कमी केला. सोळा किलोबिटवर आलो तेव्हा कुठे ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे आले. मीही तिथे छोटंसं व्याख्यान दिलं, की कानाला एरवी कळत नाही तेवढंच यात गाळलं जातं, काळजी नसावी!

वर्षश्राद्धाची जेवणं झाल्यावर स्पीकरवर भजन लागलं. बुवा गात होते, पेटी होती, पखवाज घुमत होता. पाहुणे माना डोलवत होते. टाळाच्या जागी मात्र तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं नुसतं 'छिस्स, छिस्स'! एवढ्या कमी बिटरेटला टाळासारखा किणकिणता आवाज सर्वांत आधी जातो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो.

आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "समदे आले. आमचे मालकच तेवढे न्हाई आले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मूळ फाइल लॅपटॉपवर शाबूत होती, ती तिथल्या तिथे लावली. पहिला टाळ खणकला तसा आत्याने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच आपला मोबाइल पुढे केला. "ह्ये यात घालून दे. मला रोज लागंल."

मोबाइलात जागा नव्हती. उघडून बघतो तर काय, सगळी जागा माझ्याच गाण्यांनी खाल्लेली! मी हौसेने कराओकेवर गायलेली, सर्वोत्तम दर्जात तिला पाठवलेली गाणी.

"काढ ती," आत्या म्हणाली.

"काढायची कशाला? बारीक करून ठेवतो की."

"कर," आत्या म्हणाली, "ऐकू येनार न्हाईत इतकी बारीक कर."